चाक फिरलं म्हणजे गाडी चालली का?

आमच्या लहानपणी गावात चकव्याच्या गोष्टी फार चालायच्या. अंधाऱ्या रात्री शेतातून घराकडे निघालेला माणूस रात्रभर चालतो आणि तांबडं फुटल्यावर बघतो, तर ज्या बांधावरून निघाला त्याच बांधावर उभा! आमच्या भागातलं रान ज्यांनी पाहिलंय त्यांना यात फारसं नवल वाटणार नाही. सपाट काळी जमीन, आणि ज्वारी डोक्याच्या वर गेली की चारही दिशा सारख्याच. भुताखेतांवर माझा विश्वास तेव्हाही नव्हता, आजही नाही. पण वडिलांनी सांगितलेला उपाय मात्र लक्षात राहिला. ते म्हणायचे, "चकवा लागला असं वाटलं की चालायचं बंद कर. खाली बस. ओळखीचं झाड नाहीतर गावातला दिवा दिसेपर्यंत उठू नको."

चकवा म्हणजे दुसरं काय असतं? पाय चालत असतात, आपण सरळच जातोय अशी मनाची खात्री असते, आणि ती खात्रीच खोटी असते.

हे सगळं आठवलं ते प्रज्ञानमुळे. २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी आपलं चंद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या भागात उतरलं, तेव्हा आमच्या घरातही सगळे टीव्हीसमोर जमले होते. मग विक्रमच्या पोटातून प्रज्ञान बाहेर पडलं. सहा चाकं, वजन २६ किलो, म्हणजे आमच्याकडच्या धान्याच्या अर्ध्या पोत्याइतकं. चार-पाच दिवसांनी बातमी आली की प्रज्ञानच्या पुढे तीन मीटरवर एक खड्डा आला, चार मीटर व्यासाचा, म्हणून त्याला माघारी वळवून दुसऱ्या वाटेने नेलं. माझा नातू म्हणाला, "आबा, एवढ्या लांब गेलं आणि एका खड्ड्याला घाबरलं?"

मीही हसलो. आम्ही लोणारच्या शेजारचे लोक! जिंतूर ओलांडून थोडं पुढे गेलं की बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर. आकाशातून आलेल्या पाषाणाच्या आघाताने झालेलं ते विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. शाळेच्या सहली घेऊन किती वेळा त्याच्या काठावर उभा राहिलोय. त्यापुढे चार मीटरचा खड्डा म्हणजे एखाद्या विहिरीचं तोंड.

पण नातवाच्या प्रश्नाने मला कामाला लावलं. वर्तमानपत्रं, इस्रोची निवेदनं, नातवाने काढून दिलेली नासाची माहिती, असं जमेल तसं वाचत गेलो. मी कला शाखेचा पदवीधर, विज्ञानाचा नव्हे, त्यामुळे हळूहळू वाचावं लागलं. आणि जे समजलं त्याने माझं हसू थांबलं. ते तुमच्यासमोर ठेवतो, कारण त्यातून मला माझ्याच चाळीसेक वर्षांच्या नोकरीबद्दल काही म्हणायचं आहे.

पहिली गोष्ट म्हणजे तिथे वाट विचारायला कोणी नाही. आपल्या मोबाइलला रस्ता सापडतो तो पृथ्वीभोवती फिरणाऱ्या उपग्रहांच्या जाळ्यामुळे. चंद्रावर आणि मंगळावर तसं जाळं नाही. होकायंत्र न्यावं तर तेही उपयोगाचं नाही, कारण पृथ्वीसारखं साऱ्या ग्रहाला व्यापणारं चुंबकत्व त्या दोघांनाही आज नाही. मग इथून बसून गाडी हाकावी म्हटलं, तर चंद्रापर्यंत संदेश जायला सव्वा सेकंद लागतो. तेवढं चालवून घेता येतं, रशियाने १९७० मध्ये लुनोखोद नावाची गाडी अशीच पृथ्वीवरून चित्र बघत चालवली होती. पण मंगळाचं गणित वेगळं. संदेश तिथे पोचायला कमीत कमी तीन मिनिटं आणि मंगळ लांब असेल तेव्हा बावीस मिनिटांपर्यंत वेळ लागतो. "पुढे दरड आहे, थांब" हे आपलं वाक्य तिथे पोचेपर्यंत गाडी दरडीच्या तळाशी.

म्हणून प्रज्ञानच्या पुढच्या बाजूला दोन कॅमेरे बसवले होते. दोन का, हे ज्यांनी एक डोळा मिटून सुईत दोरा ओवायचा प्रयत्न केलाय त्यांना सांगायला नको. दोन डोळ्यांना एकच वस्तू थोडी वेगवेगळ्या जागी दिसते आणि त्या फरकावरून ती किती लांब आहे हे कळतं. त्या दोन चित्रांवरून इथे पृथ्वीवर जमिनीच्या चढउताराचा नकाशा करायचा, माणसांनी बसून वाट ठरवायची आणि मग आज्ञा पाठवायची. एका नकाशात फार तर पाच मीटरपर्यंतचं दिसे, म्हणून एका वेळची चालही फार तर पाच मीटर. सेकंदाला एक सेंटिमीटर हा वेग. असं करत करत २ सप्टेंबरपर्यंत शंभर मीटरहून थोडं अधिक चालणं झालं. मग रात्र येणार म्हणून त्याला झोपवलं, ते पुन्हा उठलं नाही. पण तोवर ठरलेलं काम झालं होतं. खड्ड्यापाशी ऐट दाखवली असती तर ते झालं असतं का?

दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटली. या गाडीला आपण किती चाललो हे कसं कळतं? साधा उपाय म्हणजे चाकाचे फेरे मोजायचे. चाकाचा घेर माहीत आहे, फेरे माहीत आहेत, करा गुणाकार. चौथीतल्या मुलालाही जमेल. आणि इथेच घात होतो.

बैलगाडीचं चाक खोटं बोलत नाही. कारण तिथे ओढतो बैल, चाक नुसतं मागून येतं. चाकाचा एक फेरा झाला म्हणजे गाडी तेवढी पुढे गेलीच. ट्रॅक्टरचं तसं नाही. तिथे चाकच ओढणारं. पहिल्या पावसानंतर आमच्या काळ्या रानात ट्रॅक्टर रुतला की चाक गरगरा फिरतं, धूर निघतो, आवाज होतो, आणि ट्रॅक्टर जागचा हलत नाही. फेरे मोजत बसलात तर तुमच्या हिशोबाने तो शेजारच्या गावात पोचलेला असतो.

नेमकं हेच मंगळावर घडलं. अमेरिकेची ऑपॉर्च्युनिटी नावाची गाडी जानेवारी २००४ मध्ये तिथे उतरली. एप्रिल २००५ मध्ये एके दिवशी तिला ९० मीटर जायला सांगितलं होतं. सुमारे ४० मीटर ती नीट गेली आणि मग फूटभर उंचीच्या एका वाळूच्या उंचवट्यात रुतली. पण तिला ते कळलंच नाही! उरलेल्या ५० मीटरचे फेरे तिने जागच्या जागी इमानेइतबारे पूर्ण केले. चाकांच्या हिशोबाने दिवसाचं काम फत्ते. दुसरीकडे चाकं वाळूत बुडालेली. तिला बाहेर काढायला जूनची ४ तारीख उजाडली. त्यातल्या शेवटच्या तीन आठवड्यांत चाकं १९० मीटरच्या वर चालण्याइतकी फिरली आणि गाडी प्रत्यक्षात पुढे सरकली ती मीटरभरसुद्धा नाही.

तिची जुळी बहीण स्पिरिट इतकी नशीबवान नव्हती. २००९ मध्ये वरच्या कडक पापुद्र्याखालच्या भुसभुशीत मातीत तिची चाकं गेली. तिचं पुढचं एक चाक आधीच निकामी झालं होतं. महिनोन् महिने प्रयत्न झाले, पण ती निघाली नाही. मार्च २०१० मध्ये तिचा शेवटचा संदेश आला.

मग ऑपॉर्च्युनिटीने शहाणपण काय घेतलं? चाकावर विश्वास ठेवायचा, पण ताळा करायचा. हा आपल्या अंकगणितातला जुना शब्द. भागाकार केला की भाजक गुणिले भागाकार अधिक बाकी करून बघायचं, भाज्य आलं तर बरोबर. या गाड्यांचा ताळा असा : निघताना समोरचं चित्र घ्यायचं, थोडं चालायचं, पुन्हा चित्र घ्यायचं. पहिल्या चित्रातले दगड दुसऱ्या चित्रात कुठे दिसतात ते शोधायचं. एसटीच्या खिडकीतून लिंबाचं झाड मागे गेलेलं दिसलं की गाडी सुटली हे कळतं, तसंच. दगड हलले नाहीत आणि चाकं मात्र फिरली, तर समजायचं की आपण रुतलोय, आणि तिथेच थांबायचं. ही युक्ती या गाड्यांना आधीही येत होती, पण तिला वेळ फार लागे म्हणून जपून वापरत. त्या वाळूच्या अनुभवानंतर मधूनमधून थांबून असा ताळा करणं हा चालण्याचाच भाग झाला.

दिशेचंही तसंच. आपण कुठे वळलो हे गाडीतलं यंत्र सांगतं, पण त्यात थोडी थोडी चूक साठत जाते. हाच तो चकवा! म्हणून या दोघी बहिणी अधूनमधून सूर्याकडे बघून आपली दिशा दुरुस्त करून घेत.

आणि जिथे सगळीकडे नुसती सपाट वाळू, ओळखायला दगडच नाही, तिथे? २०१२ मध्ये मंगळावर उतरलेल्या क्युरिऑसिटीच्या चाकांना मुद्दाम काही खाचा ठेवल्या आहेत. चाक फिरलं की वाळूत ठराविक खुणा उमटतात. मागे वळून आपल्याच चाकोरीतल्या खुणांमधलं अंतर पाहिलं की खरोखर किती आलो ते कळतं. गंमत म्हणजे त्या खुणा तारखात्यातल्या कट्ट-कडकट्टच्या भाषेत ज्या प्रयोगशाळेने गाडी बनवली तिची अक्षरं लिहितात.

आता मूळ मुद्द्यावर येतो. ऑपॉर्च्युनिटीची ती वाळूतली गोष्ट वाचली त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण तशी गाडी मी स्वतः हाकली आहे.

शिक्षक असतील त्यांना माहीत आहे, आमच्याकडे दैनंदिनी असते. आज कोणता पाठ घेतला, किती भाग झाला, महिनाअखेर नियोजनाप्रमाणे अभ्यासक्रम पूर्ण झाला की नाही. माझी दैनंदिनी नेहमी चोख. तपासणीला आलेल्या साहेबांनी तिच्यावर कधी लाल शाई उमटवली नाही. पाठ पहिला पूर्ण, पाठ दुसरा पूर्ण, पाठ तिसरा पूर्ण. चाकाचे फेरे!

एका खेड्यातल्या शाळेवर असताना पाचवीला एक मुलगा होता. त्याचं नाव लिहीत नाही, तो आजही आमच्या भागातच आहे. धडा वाच म्हटलं की उभा राहून खणखणीत वाचायचा. एकदा तो वाचत असताना वाऱ्याने त्याच्या पुस्तकाचं पान उलटलं. डोळे पानावरच होते, पण त्याला ते कळलं नाही, आणि तो पुढचं वाक्य न अडखळता म्हणत राहिला. मी जवळच उभा होतो. पान दुसऱ्याच धड्याचं होतं. पोराला वाचता येत नव्हतं. घरी मोठ्या बहिणीकडून ऐकून ऐकून त्याने धडे पाठ केले होते.

मी काय केलं? काही नाही. फेब्रुवारी संपत आला होता, चार धडे राहिले होते, तपासणी तोंडावर होती. मी त्याच्या नावापुढे 'वाचन समाधानकारक' लिहिलं आणि पुढच्या धड्याला हात घातला. मनात म्हटलं, सहावीत होईल. सहावीच्या गुरुजींनी म्हटलं असेल, सातवीत होईल. आठवीच्या मध्यात त्याने शाळा सोडली. याला शाळा जबाबदार नाही, साहेब नाही. पान उलटलेलं मी पाहिलं होतं, दुसऱ्या कोणी नाही.

तो आता दुसऱ्याचा ट्रॅक्टर चालवतो. भेटला की वाकून नमस्कार करतो, मला अवघडल्यासारखं होतं. परवा मी त्याला या मंगळावरच्या गाड्यांची गोष्ट सांगितली. तो हसला नाही. म्हणाला, "गुरुजी, रुतलेल्या ट्रॅक्टरला रेस दिली की तो आणखी खाली जातो. पहिलं थांबायचं. खाली उतरून बघायचं. चाकाखाली पऱ्हाट्या टाकायच्या अन् मग हळू काढायचा. नव्या पोरांना हेच कळत नाही, रेसच देत बसतात." मग त्याने खिशातून मोबाइल काढला आणि बँकेचा आलेला संदेश मला वाचून दाखवायला सांगितला.

मी वाचून दाखवला.

काही मित्र म्हणतील, गुरुजी, थांबत थांबत, तपासत तपासत चाललं तर पोचणार कधी? मलाही हा प्रश्न पडला होता. त्याचं उत्तरही मंगळावरच मिळालं. नव्वद दिवसांसाठी पाठवलेली ऑपॉर्च्युनिटी २०१८ पर्यंत चालली. एकूण ४५ किलोमीटरहून जास्त. त्या वाळूत रुतण्याचं शहाणपण घेतल्यावर! आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये उतरलेली पर्सिव्हरन्स तर त्याच्याही पुढची. जुन्या गाड्यांना चित्र घ्यायला, विचार करायला थांबावं लागे. हिच्यात पाहण्यासाठी वेगळा संगणक आहे, त्यामुळे ती चालता चालताच पुढच्या जमिनीचा नकाशा करते, कुठे दगड, कुठे उतार ते ठरवते आणि स्वतःची वाट काढते. आपण खरंच किती सरकलो हे तपासणंही चालताना सुरूच असतं. तिने एका दिवसात ३४७ मीटरची मजल मारली आहे. तिच्या सुरुवातीच्या सुमारे पावणेअठरा किलोमीटर प्रवासातला ८८ टक्के भाग तिने असा स्वतः पारखून घेत केला. म्हणजे तपासण्याने वेग कमी होत नाही. न तपासता वेग घेतला तर मात्र कधीतरी पाच आठवडे वाळूत काढावे लागतात, नाहीतर कायमचं तिथेच राहावं लागतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. शाळेत आपण अजूनही फेरेच मोजतो. अभ्यासक्रम किती झाला, तासिका किती झाल्या, निकाल किती टक्के लागला. 'प्रथम' संस्थेची माणसं २००५ पासून खेड्यापाड्यांत मुलांच्या घरी जाऊन त्यांच्या हातात एक साधा उतारा देतात आणि वाच म्हणतात. त्याचा 'असर' अहवाल येतो. पाचवीतल्या कितीतरी मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता येत नाही, हे त्यात वर्षानुवर्षं दिसत आलं आहे. तो अहवाल आला की आमचे काही शिक्षक बंधू रागावतात. मीही नोकरीत असताना रागावलो होतो. आज वाटतं, रागावण्यासारखं काय आहे त्यात? कोणीतरी दगडाकडे बघून सांगतंय की गाडी हललेली नाही. खरं तर हे बाहेरच्याने सांगण्याआधी हाकणाऱ्यालाच कळायला हवं.

त्यासाठी मोठी योजना लागत नाही. महिन्यातून एकदा प्रत्येक मुलाला त्याने कधीही न पाहिलेलं एक पान द्यावं. पाठ्यपुस्तकातलं नको, जुन्या मासिकातलं, वर्तमानपत्रातलं चालेल. दोन मिनिटं त्याच्याशेजारी बसावं. जिथे अडलं ते लिहून ठेवावं, गुण देऊ नयेत. आणि पाचवीच्या शिक्षकाला चार मुलांसाठी दुसरीच्या बाराखडीपर्यंत मागे जावं लागलं तर ते त्याच्या दैनंदिनीत अभिमानाने लिहिता यावं. आज तसं लिहायला शिक्षक भितो, मागे पडलेला दिसेल म्हणून. प्रज्ञानला माघारी वळवणाऱ्या इस्रोच्या लोकांनी ते लपवलं नाही. खड्ड्याचं छायाचित्र आणि वळलेल्या वाटेचं छायाचित्र, दोन्ही त्यांनी साऱ्या देशाला दाखवली.

नातवाला मी उत्तर दिलं ते असं : घाबरलं नाही रे, त्याला दिसत होतं. दिसत असूनही जो पुढे रेटतो तो तुझा आजोबा होता. त्याला यातलं किती समजलं कोण जाणे. पण गेल्या आठवड्यापासून रोज संध्याकाळी तो ट्रॅक्टरवाला माझा विद्यार्थी अर्धा तास घरी येतो. पंचावन्न वर्षांचा बाप्या, दोन मुलांचा बाप. आधी लाजत होता. म्हणाला, "आता या वयात कुठं, गुरुजी?" मी म्हटलं, "रुतलाय तो माझा ट्रॅक्टर आहे, तुझा नाही. मला काढू दे."

काल त्याने बँकेच्या संदेशातली रक्कम आणि त्यापुढचा 'जमा' हा शब्द स्वतः वाचला. मग मी ताळा केला. दुसऱ्या कागदावर 'माज' आणि 'जमा' असे दोन शब्द लिहून दिले आणि 'जमा' कुठला ते विचारलं. बराच वेळ बघत राहिला आणि बरोबर शब्दावर बोट ठेवलं.